लहान कुत्र्याचे वजन वाढले आहे? ते सुरक्षितपणे कसे कमी करावे?

तुमचा पग जिना चढून वर आला की पाच मिनिटे धापा टाकतो. पॉमेरेनियन पूर्वी टुणकन सोफ्यावर चढायची, आता खाली उभी राहून तुमच्याकडे पाहते. घरातले म्हणतात, "वय झालं आता", किंवा "गुटगुटीत आहे, छान दिसतो". बहुतेक वेळा कारण वय नसते, वाढलेले वजन असते. चांगली गोष्ट अशी की हे दुखणे बव्हंशी घरीच, औषधाशिवाय बरे करता येते. मात्र घाईने किंवा उपाशी ठेवून नाही.

या लेखात वजन कसे ओळखावे, किती खायला द्यावे, किती फिरवावे आणि कोणत्या वेळी थांबून डॉक्टरांकडे जावे, याची माहिती दिली आहे. उदाहरणे गिरगावातल्या घरांसारख्या घरांची आहेत: जिना उंच, जागा कमी आणि कुत्र्यावर माया करणारे हात पुष्कळ.

लहान कुत्र्यात एक-दोन किलोने इतका फरक का पडतो?

८ किलो वजन असायला हवे त्या कुत्र्याचे वजन ११ किलो झाले, तर आपल्याला ते "तीनच किलो जास्त" वाटते. प्रत्यक्षात ते ३७ टक्क्यांहून जास्त आहे. ६० किलोच्या माणसाचे वजन ८२ किलोंच्या पुढे जावे, तसे हे झाले. आदर्श वजनापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त असेल तर कुत्रा जाड समजला जातो, त्याहून जास्त असेल तर लठ्ठ.

या जास्तीच्या चरबीचा त्रास जातीप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी दिसतो.

• पग, शित्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती: श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. मानेभोवती आणि छातीभोवती चरबी वाढली की घोरणे, धाप आणि उष्माघाताचा धोका वाढतो.
• पॉमेरेनियन: श्वासनलिका चपटी होण्याची प्रवृत्ती असते. कोरडा, घशात अडकल्यासारखा खोकला येतो. गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रासही या जातीत दिसतो.
• डॅशहाउंड: पाठ लांब आणि पाय आखूड असतात. वजन वाढले की मणक्याच्या चकत्यांवर ताण येतो. चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात.
• सर्व जाती: सांधेदुखी लवकर सुरू होते आणि भूल देताना धोका वाढतो. त्वचेच्या घड्यांत संसर्ग होतो.

वजनाचा संबंध आयुष्याशीही आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांचा जन्मापासून मृत्यूपर्यंत अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या करून त्यांतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. कमी खाणारे, सडपातळ राहिलेले कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचे औषधही उशिरा लागले. लॅब्राडोर मोठी जात आहे, तरीही या अभ्यासातून वजन आणि आयुष्य यांचा संबंध स्पष्ट दिसतो.

वजन जास्त आहे हे घरी कसे ओळखावे?

केसाळ कुत्र्यात डोळ्यांना अंदाज येत नाही. म्हणून हाताने तपासा.

१. बरगड्या: दोन्ही हातांचे तळवे छातीच्या दोन बाजूंना हलके ठेवा. आता आपल्या हाताशी तुलना करा. हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जशी हाडे लागतात, तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य आहे. मूठ वळून बोटांच्या पेरांवरून फिरवल्यासारख्या टोचल्या तर कुत्रा फार बारीक आहे. तळहाताच्या मऊ भागासारखे लागले आणि बरगडी दाबून शोधावी लागली, तर वजन जास्त आहे.

२. कंबर: कुत्रा उभा असताना वरून पाहा. बरगड्यांच्या मागे थोडी आत गेलेली कंबर दिसायला हवी. पाठ सरळ पाटासारखी किंवा मध्ये फुगलेली असेल तर चरबी आहे. पॉमेरेनियन किंवा शित्झूची ही तपासणी आंघोळ घालताना, केस ओले असताना करा.

३. पोट: बाजूने पाहा. छातीपासून मागे जाताना पोटाची रेषा थोडी वर चढायला हवी.

डॉक्टर याच तीन गोष्टी पाहून १ ते ९ असे गुण देतात. ४ किंवा ५ गुण म्हणजे उत्तम. ५ च्या वरचा प्रत्येक गुण साधारण १० टक्के जास्त वजन दाखवतो.

आहार बदलण्याआधी डॉक्टरांना का दाखवावे?

कारण प्रत्येक फुगलेले पोट चरबीचे नसते. थायरॉइड कमी असेल तर कुत्रा थोडे खाऊनही जाड होतो, सुस्त राहतो आणि त्याचे केस विरळ होतात. कुशिंग नावाच्या आजारात पोट लोंबते, तहान आणि लघवी वाढते. हृदयाच्या किंवा यकृताच्या आजारात पोटात पाणी होते. नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू झाला तरी पोट मोठे दिसते, आणि ती तातडीची अवस्था असते. खाज कमी करण्यासाठी दिलेली स्टेरॉइडची औषधे आणि फिट्सवरची काही औषधे भूक वाढवतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना त्यांची माहिती जरूर द्या.

मधुमेह असून इन्सुलिन चालू असलेला कुत्रा, गाभण किंवा पाजणारी मादी आणि वाढीच्या वयातले पिल्लू यांचा आहार डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कमी करू नये.

तुमच्या नेहमीच्या पशुवैद्यकांकडे ही तपासणी होऊ शकते. मोठ्या तपासण्या लागल्या तर गिरगावातून परळ फार लांब नाही. आपल्याकडची जुनी माणसे ज्याला "बैलघोडा हॉस्पिटल" म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथेच आहे. जाताना कुत्रा दिवसभरात काय काय खातो याची यादी लिहून न्या. ती कशी करायची ते पुढे पाहू.

दिवसभरात खरोखर किती खाल्ले जाते?

तपासणीच्या वेळी सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "डॉक्टर, हा तर काहीच खात नाही." सांगणारा खोटे बोलत नसतो. तो फक्त कुत्र्याच्या भांड्यातले मोजत असतो.

११ किलोच्या एका पगचा दिवस कसा असू शकतो ते पाहा. चाळीतल्या किंवा एकत्र कुटुंबातल्या कोणत्याही घरात असा दिवस सापडेल.

• भांड्यात दोन वेळचे मिळून ८० ग्रॅम ड्राय फूड: सुमारे २९० कॅलरी
• सकाळी आजोबांच्या चहाबरोबर २ आणि संध्याकाळी २ ग्लुकोज बिस्किटे: सुमारे १००
• आजीच्या ताटातली तूप लावलेली एक चपाती: सुमारे १४०
• शाळेतून आल्यावर मुलांनी दिलेला चीजचा एक क्यूब: सुमारे ८०

एकूण सुमारे ६१० कॅलरी. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून दिलेला पाव यात धरलेला नाही. या पगचे योग्य वजन ८ किलो आहे आणि वजन कमी करताना त्याला दिवसाला साधारण ३३० कॅलरी लागतात. म्हणजे भांड्यात काहीच चुकलेले नाही, ते गरजेपेक्षा थोडे कमीच आहे. चुकले ते भांड्याच्या बाहेर. जितके भांड्यात, जवळजवळ तितकेच बाहेर.

म्हणून भांड्यातले अन्न निम्मे करून उपयोग होत नाही. उलट तोटा होतो, कारण प्रथिने आणि जीवनसत्त्वे भांड्यातच असतात. ती कमी होतात आणि बिस्किटे तशीच राहतात.

तीन दिवस एक कागद फ्रिजवर लावा. ज्याने जे दिले त्याने ते लिहावे. त्या तीन दिवसांत कोणाला रागवू नका, नाहीतर खरे कोणी लिहिणार नाही.

किती कॅलरी द्याव्यात?

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने अंदाज काढता येतो. कुत्र्याचे आजचे वजन न घेता योग्य वजन घ्या. ते डॉक्टर ठरवून देतील. त्या आकड्याला त्याच आकड्याने दोनदा गुणा, आलेल्या उत्तराचे वर्गमूळ दोन वेळा काढा आणि ७० ने गुणा. ८ किलोसाठी: ८ × ८ × ८ = ५१२. त्याचे वर्गमूळ २२.६, पुन्हा वर्गमूळ ४.७६. त्याला ७० ने गुणले की सुमारे ३३३.

काही तयार आकडे:

• योग्य वजन ४ किलो: सुमारे २०० कॅलरी
• ५ किलो: सुमारे २३५
• ६ किलो: सुमारे २७०
• ८ किलो: सुमारे ३३०
• १० किलो: सुमारे ३९५

ही सुरुवात आहे. प्रत्येक कुत्र्याची गरज वेगळी असते, आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याला थोडे कमी लागते. पुढे वजन कसे उतरते ते पाहून डॉक्टर हा आकडा कमीजास्त करतात.

यातल्या ९० टक्के कॅलरी पूर्ण आहारातून आणि फार तर १० टक्के खाऊतून याव्यात. आपल्या पगसाठी ३०० कॅलरी जेवणाच्या आणि ३० खाऊच्या. खाद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे किती कॅलरी आहेत ते पाहा. वजन कमी करण्यासाठीचे खास खाद्य १०० ग्रॅमला ३०० कॅलरींचे असेल, तर दिवसाला १०० ग्रॅम देता येईल. या खाद्यात प्रथिने आणि तंतू जास्त असतात, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि स्नायू टिकतात. परवडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हेच निवडावे. नवे खाद्य ७ ते १० दिवसांत जुन्यात मिसळत मिसळत आणा, नाहीतर जुलाब होतात.

खाद्य वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. लहान कुत्र्यात वाटीभर आणि शीग लावून वाटीभर यांतला फरक म्हणजे एका वेळचा खाऊ होतो.

घरचे अन्न द्यायचे असेल तर?

साल काढलेले उकडलेले चिकन, अंडे, थोडा भात, लाल भोपळा, दुधी, फरसबी, गाजर असे बिनमीठ, बिनमसाल्याचे अन्न कुत्र्यांना आवडते. पण रोजचा संपूर्ण आहार घरचा असेल तर त्यात कॅल्शियम आणि इतर क्षार कमी पडतात. प्रमाण आणि पूरक औषधे डॉक्टरांकडून लिहून घ्या. घर शाकाहारी असेल तर हे आणखी महत्त्वाचे आहे. नुसत्या दूधभातावर किंवा दहीभातावर वजन कमी करायला गेलात तर चरबीआधी स्नायू उतरतात.

एक डबा, सगळ्यांचे हात

वजन कमी होते की नाही, हे बहुतेक घरांत या एका गोष्टीवर ठरते.

सकाळी दिवसभराचे सगळे खाद्य मोजून एका झाकणाच्या डब्यात भरा. खाऊसाठीचे काकडीचे, गाजराचे किंवा उकडलेल्या फरसबीचे तुकडे दुसऱ्या लहान डबीत ठेवा. घरातल्या प्रत्येकाने जे द्यायचे ते यातूनच द्यायचे. डबा संपला की दिवस संपला.

आजोबांना चहाच्या वेळी काही द्यायचेच असेल तर डब्यातले चार दाणे हातावर घेऊन द्यावेत. कुत्र्याला बिस्किटापेक्षा आजोबांच्या हाताचे अप्रूप जास्त असते. आजीला "देऊ नका" सांगण्यापेक्षा डबाच तिच्या ताब्यात द्या. जिच्या हातून सर्वांत जास्त जाते तिच्याकडे हिशेब दिला की हिशेब राहतो. शेजाऱ्यांनाही फरसबीची एक डबी देऊन ठेवा आणि सांगा, "डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय." आपल्यावर आळ येत नाही आणि त्यांची मायाही तुटत नाही.

जेवण दोन ऐवजी तीन-चार वेळांत विभागून द्या. खाद्य भांड्यात न घालता जुन्या टॉवेलच्या घडीत लपवा किंवा घरभर चार-पाच ठिकाणी ठेवा. शोधून खाताना वेळ लागतो आणि मन रमते. घरात दोन कुत्रे किंवा मांजर असेल तर वेगवेगळ्या जागी जेवू घाला.

सणावारी काय?

गणपतीत गिरगावात घरोघरी प्रसाद असतो आणि प्रत्येक येणारा पाहुणा कुत्र्यालाही काहीतरी पुढे करतो. प्रसादाच्या शिऱ्यात आणि लाडवात बेदाणे असतात. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि लहान कुत्र्याला थोडेही पुरते. चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल असलेल्या शुगर-फ्री गोळ्या हेही विषारी आहेत. तुपकट, तळलेल्या पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या आणि पोटदुखी होते. असे काही खाल्ले तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

तुमच्या उपवासाच्या दिवशी कुत्र्याला उपवास घडवू नका. साबुदाण्याची खिचडीही देऊ नका.

किती फिरवावे?

व्यायामाने स्नायू टिकतात, मन प्रसन्न राहते. पण वजन मुख्यतः आहारानेच उतरते. त्यामुळे पहिल्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत चालवण्याची गरज नाही.

• सुरुवात दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटे, सपाट रस्त्यावर. दर आठवड्याला २ ते ५ मिनिटे वाढवा.
• वेळ पहाटेची किंवा रात्रीची. मुंबईच्या दमट हवेत धापा टाकूनही कुत्र्याचे अंग लवकर थंड होत नाही. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये विशेष जपा. हाताची पाठ फुटपाथवर सात सेकंद ठेवता आली नाही, तर पंजेही भाजतील.
• गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस वापरा. पॉमेरेनियन आणि पग यांना तो आवश्यकच समजा.
• जिना हा व्यायाम नाही. जुन्या चाळींचे लाकडी जिने उभे असतात. डॅशहाउंड, गुडघेदुखी असलेला किंवा खूप जाड कुत्रा उचलून न्या. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी.
• पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवू नका. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्याची लस घेतली आहे ना, ते पाहा. अशा दिवशी घरात किंवा चाळीच्या गॅलरीत चेंडू घरंगळत देऊन दहा मिनिटे खेळवा.

वजन किती वेगाने उतरावे?

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के. ११ किलोच्या पगसाठी ११० ते २२० ग्रॅम. म्हणजे ३ किलो उतरायला साधारण चार ते सहा महिने लागतील. इतकी वाट पाहणे जड जाते, पण फायदा शेवटपर्यंत थांबत नाही. सांधेदुखी असलेल्या लठ्ठ कुत्र्यांच्या एका अभ्यासात वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरल्यावरच लंगडणे कमी झालेले दिसले. आपल्या पगसाठी ते जेमतेम ७०० ग्रॅम होतात.

दर दोन आठवड्यांनी एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा. कुत्र्याला घेऊन उभे राहायच्या घरगुती काट्यावर १००-२०० ग्रॅमचा फरक कळत नाही, म्हणून दवाखान्यातला काटा बरा. वजन वहीत लिहा.

• दोन वेळा लागोपाठ वजन तेच राहिले: आधी डब्याबाहेर काय जाते ते शोधा. काहीच नसेल तर डॉक्टरांना विचारून कॅलरी ५ ते १० टक्के कमी करा.
• आठवड्याला २ टक्क्यांपेक्षा जास्त उतरले: अन्न थोडे वाढवा. न सांगता, फार वेगाने उतरणारे वजन आजाराचेही असू शकते.

माणसांची वजन कमी करायची औषधे, चूर्णे किंवा थायरॉइडच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नका.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जावे?

• जीभ किंवा हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्या, कुत्रा कोसळला
• सावलीत बसूनही धाप थांबत नाही, अंग तापले आहे. अशा वेळी साध्या पाण्याने अंग ओले करा, पंखा लावा आणि लगेच निघा. बर्फ चोळू नका.
• मागचे पाय ओढत चालतो किंवा पाठीला हात लावताच ओरडतो
• २४ तास काहीही खाल्ले नाही, किंवा वारंवार उलट्या
• अशक्तपणा, थरथर, झटके
• पोट एकाएकी फुगले

नेहमीचे प्रश्न

सारखा मागे लागून बघत बसतो. उपाशी तर नाही ना?
मोजलेले पूर्ण अन्न मिळत असेल आणि कुत्रा खेळता-हसता असेल, तर तो उपाशी नाही. वर्षानुवर्षे बघितले की मिळते, हे तो शिकला आहे. दोन-तीन आठवडे सगळ्यांनी एकसारखे वागले तर ते कमी होते. एकाने जरी अधूनमधून दिले, तर वाढते. त्या वेळी जवळ घ्या, केस विंचरा किंवा फिरवून आणा.

म्हातारा झालाय, आता कशाला त्याला त्रास?
सांधे दुखत असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कमी वजनाचा फायदा सर्वांत जास्त होतो. फक्त आधी रक्ततपासणी करून घ्या आणि वेग कमी ठेवा.

वजन उतरले की पुन्हा पूर्वीसारखे देऊ का?
नाही. डॉक्टर अन्न थोडे वाढवून देतील, पण डबा चालू ठेवा. महिन्यातून एकदा वजन करा.

आज रात्री फक्त एवढे करा: फ्रिजवर कागद लावा आणि घरातल्या सगळ्यांना पेन कुठे ठेवले आहे ते सांगा. तीन दिवसांनी तो कागद घेऊन तुमच्या पशुवैद्यकांकडे जा. पुढचे अर्धे काम त्या कागदाने केलेले असेल.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या कुत्र्याची तपासणी आणि उपचार पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच करावेत.